आतड्यांतील जिवाणूंवर ताण व प्रतिजैविके यांचा होणारा परिणाम

मनुष्याच्या पचनमार्गात, मुख्यत्वे मोठ्या आतड्यात, कायम वस्तीस असणाऱ्या जिवाणूंना आतड्यांतील जिवाणू असे म्हणतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. हा समुदाय आहार, वय, आजार, मानसिक ताण आणि औषधे यांना प्रतिसाद देत सतत बदलत असतो. त्यांपैकी ताण आणि प्रतिजैविके यांचे मार्ग भिन्न आहेत. प्रतिजैविक जिवाणूंवर थेट आघात करते, तर ताण शरीराच्या माध्यमातून त्यांची परिस्थिती पालटतो. मात्र रोगजंतूंना थोपवून धरणारे जिवाणूंचे संरक्षण दोहोंमुळेही दुबळे होऊ शकते.

जिवाणूंचे कार्य

मोठ्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यामुळे तेथील बहुतेक जिवाणू प्राणवायूविना जगणारे असतात. बॅक्टेरॉइडीस, प्रिव्होटेला, बायफिडोबॅक्टेरियम आणि फीकॅलीबॅक्टेरियम या त्यांच्या काही प्रमुख प्रजाती होत. माणसाला न पचणारे तंतुमय पदार्थ आंबवून ते ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. काही जिवाणू क जीवनसत्त्व नव्हे, तर रक्त गोठण्यास आवश्यक असलेले के जीवनसत्त्व तयार करतात.

याखेरीज हा समुदाय बाहेरून आलेल्या रोगजंतूंना जागा व अन्न मिळू देत नाही. याला वसाहतरोध म्हणता येईल. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक देण्यात आले. एरवी त्यांना साल्मोनेला या जंतूची बाधा होण्यास सुमारे एक लाख जंतू लागत. औषधानंतर दहाहून कमी जंतू पुरेसे ठरले. आतड्यांतील रहिवासी जिवाणू किती मोठे संरक्षण देतात, हे या प्रयोगाने स्पष्ट झाले.

ताणाचा परिणाम

ताण जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस, पीयूषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी कार्यान्वित होऊन कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. चेतासंस्थेतून नॉरॲड्रिनलिनही मोकळे होते. यांमुळे आतड्यांची हालचाल, श्लेष्म्याचा थर, अस्तराची पार्यता आणि तेथील प्रतिकारशक्ती यांत फरक पडतो. जिवाणूंच्या दृष्टीने पाहता, त्यांचे राहते घरच बदलते. काही जिवाणूंना या रसायनांचा प्रत्यक्ष उपयोगही होतो. नॉरॲड्रिनलिनच्या सान्निध्यात ई. कोलाय या जिवाणूची वाढ वेगाने होते, असे १९९२ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. माणसांमध्ये राग किंवा भीती यांच्या काळात बॅक्टेरॉइडीस गटातील एका जिवाणूचे प्रमाण वाढल्याची नोंद १९७६ साली झाली.

हा संबंध उलट दिशेनेही चालतो. जपानमधील क्यूशू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना कोंडून ठेवून पाहिले. सामान्य उंदरांच्या तुलनेत त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवली. लहान वयातच त्यांच्या आतड्यांत जिवाणूंची वस्ती झाली, तर हा अतिरेक कमी होत असे.

परीक्षेच्या दिवशी पोट बिघडणे हा अनेकांचा अनुभव असतो. परंतु तो तात्काळ परिणाम चेतासंस्थेने आतड्यांची गती वाढवल्यामुळे होतो. जिवाणूंच्या समुदायातील बदल प्रायः दीर्घकाळ टिकणाऱ्या ताणाशी निगडित असतात. अशा काळात झोप व आहारही बिघडत असल्याने केवळ ताणाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते.

प्रतिजैविकांचा परिणाम

प्रतिजैविक घशातील किंवा मूत्रमार्गातील संसर्गासाठी घेतले, तरी ते आतड्यांतही पोहोचते. गोळीतील न शोषलेला भाग पुढे सरकतो आणि काही औषधे पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतात. त्यामुळे रोगजंतूंबरोबर निरुपद्रवी जिवाणूही मरतात. जिवाणूंची विविधता घटते, ब्युटिरेटची निर्मिती मंदावते आणि न आंबलेले पदार्थ आतड्यात पाणी धरून ठेवल्याने जुलाब होऊ शकतात.

क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूचा संसर्ग हा यातील गंभीर धोका होय. निरोगी आतड्यातील काही जिवाणू पित्ताम्लांचे अशा रूपात परिवर्तन करतात, की या जंतूची वाढ रोखली जाते. ते जिवाणू नष्ट झाल्यावर जंतूची बीजाणुके रुजतात आणि त्याच्या विषामुळे मोठ्या आतड्याचा तीव्र दाह होतो. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या या विकाराचे कारण १९७८ साली निश्चित झाले.

दुसरा धोका औषधरोधाचा आहे. प्रतिजैविकाच्या माऱ्यातून तगलेले जिवाणू वाढतात आणि आपली रोधक जनुके शेजारच्या जिवाणूंना, प्रसंगी रोगजंतूंनाही, देऊ शकतात.

पुनर्स्थापना

बहुतेक निरोगी प्रौढांमध्ये काही आठवड्यांत समुदाय बराचसा पूर्ववत होतो. परंतु तो पूर्णपणे होतोच असे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन प्रभावी प्रतिजैविके एकत्र देण्यात आली. सुमारे दीड महिन्यात त्यांचे जिवाणू मूळ स्थितीच्या जवळ आले, तथापि पूर्वी सर्वांमध्ये आढळणाऱ्या नऊ जाती १८० दिवसांनंतरही बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत.

जिवंत जिवाणूंच्या तयार कॅप्सूल घेतल्याने ही भरपाई आपोआप होते, हा समज सर्वस्वी बरोबर नाही. अशा काही कॅप्सूलमुळे प्रतिजैविकांनंतरचे जुलाब कमी होऊ शकतात. मात्र इस्रायलमधील वाइझमान संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात त्यांच्यामुळे व्यक्तीचा स्वतःचा जिवाणूसमुदाय परत येण्यास उलट विलंब झाला.

महाराष्ट्रातील संशोधन

प्रतिजैविकांच्या भारतीय इतिहासात महाराष्ट्राला विशेष स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधनातून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळाले. ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाला पिंपरीवरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव देण्यात आले.

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे व सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यांतील जिवाणूंचा अभ्यास केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका शोधनिबंधात एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांची तुलना होती. वयानुसार होणारे बदल युरोपीय लोकांमधील बदलांहून वेगळे असल्याचे त्यात आढळले. पुढील अभ्यासात भारतीयांमध्ये प्रिव्होटेला व मेगास्फीरा या प्रजातींचे आधिक्य दिसले. त्यामुळे परदेशी निष्कर्ष भारतीयांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कोकणातील पूरकाळ

ताण व प्रतिजैविक हे दोन्ही घटक पूरकाळात एकत्र येतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी घरदार व उपजीविका यांची चिंता आणि दूषित पाणी यांच्या जोडीला लेप्टोस्पायरोसिसचे भय असते. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून पसरणारे हे जंतू चिखल-पाण्यात वावरणाऱ्यांच्या शरीरात जखमांवाटे शिरतात. भातलावणी करणाऱ्यांनाही हा धोका असतो. प्रतिबंधासाठी धोका असलेल्यांना वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन दिले जाते. हा आजार यकृत व मूत्रपिंडे निकामी करू शकत असल्याने येथे औषधाचा लाभ आतड्यांतील जिवाणूंच्या हानीपेक्षा मोठा ठरतो. याउलट सर्दी, विषाणुजन्य ताप किंवा साधे पाण्यासारखे जुलाब यांवर प्रतिजैविक घेतल्यास हानी तेवढी होते, लाभ होत नाही. साध्या जुलाबांत क्षार-संजीवनी देणे हाच मुख्य उपचार आहे.

आहार

नाचणी, कुळीथ, डाळी, पालेभाज्या व फळे यांतील तंतू जिवाणूंचे खाद्य होय. दही व ताक यांत जिवंत जिवाणू असतात. सोलकढी पाचक मानली जात असली, तरी ती आमसूल व नारळाच्या दुधाची असून आंबवलेली नसते. त्यामुळे ती ताकाची जागा घेत नाही. पेज आजाऱ्याला पाणी व पोषण पुरवते, परंतु तांदळाच्या पेजेत तंतू थोडेच असतात.

प्रतिजैविकांच्या वापराचे नियमन

भारतात १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविके औषध नियमांच्या 'एच-१' अनुसूचीत आहेत. ती केवळ चिठ्ठीवर विकता येतात आणि विक्रेत्याला रुग्ण व डॉक्टर यांची नोंद तीन वर्षे जपावी लागते. वेष्टनावरील उभी लाल रेघ हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये, असे सुचवते. क्षयरोगासारख्या आजारात ठरलेला उपचार पूर्ण करणे अत्यावश्यक असते. प्रतिजैविक सुरू असताना किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत तीव्र जुलाब, ताप वा शौचावाटे रक्त आल्यास डॉक्टरांना त्या औषधाची माहिती द्यावी, म्हणजे योग्य निदान लवकर होते.