लशीतून सूट कोणाला?

मुंबईच्या मॉलमधला विक्रेता असो वा साधा दुकानदार, 27 नोव्हेंबर 2021च्या महाराष्ट्र शासनाच्या आदेशाने सर्वसामान्यांना प्रवेश असलेल्या ठिकाणी कामावर येणाऱ्याचे कोरोना लसीकरण पूर्ण हवे होते. पूर्ण म्हणजे दोन मात्रा आणि त्यावर 14 दिवस.

सूट या व्याख्येतच दडलेली होती. आजारपणामुळे लस घेता येत नाही, असे मान्यताप्राप्त डॉक्टरचे प्रमाणपत्र असलेला माणूसही लस घेतलेल्यांतच धरला जाई. नुसत्या ‘मला नको’ला तिथे जागा नव्हती, साथीच्या धामधुमीत हे समजण्यासारखे आहे.

लशीऐवजी कोरोना चाचणी चालण्याचा नियम या आदेशाच्या आधीचा. एप्रिल 2021मध्ये लस न घेतलेल्या अनेक कर्मचाऱ्यांना 15 दिवस चालणारा निगेटिव्ह अहवाल बाळगावा लागे.

2 मे 2022 रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लशीची सक्ती करता येणार नाही, असे ठरवले आणि खासगी संस्थांनाही निर्बंधांचा फेरविचार सुचवला. महाराष्ट्राने मात्र आपले निर्बंध महिनाभर आधीच उठवले होते.