महामार्ग वळला, गाव उरले

डब्लिनहून कॉर्ककडे जाणारा रस्ता २०१० पर्यंत ॲबीलीक्सच्या मुख्य बाजारपेठेतून जात असे. आयर्लंडच्या लीश परगण्यातील हे गाव जेमतेम दोन हजार वस्तीचे. पण देशातील दोन मोठ्या शहरांमधील मालमोटारी अहोरात्र त्याच्या दारावरून धडधडत. त्या वर्षीच्या मे महिन्यात नवा द्रुतगती मार्ग गावाला बगल देऊन गेला. वाटसरूंच्या चहापाण्यावर पोसलेल्या गावाचे आता कसे होणार, हा प्रश्न तेव्हा स्वाभाविकच होता.

गावाचे नाव बाराव्या शतकातील सिस्टर्शियन मठावरून पडले. आजचे गाव मात्र तितके जुने नाही. मूळ वस्ती नोर नदीकाठी होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हायकाउंट डी वेसी या जमीनदाराने ती मोडून रहिवाशांना आखीव रस्त्यांच्या नव्या गावात हलवले. प्रवासी आज ज्या प्रशस्त रस्त्याचे कौतुक करतात, तो असा एका मालकाच्या इच्छेतून जन्मला. रहिवाशांना त्या वेळी कोणी विचारले असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

विचारल्याविना काही घडू द्यायचे नाही, हे गावाने २००० मध्ये दाखवून दिले. गावालगत सुमारे पाचशे एकरांची दलदल आहे. कुजलेल्या वनस्पतींचे थर हजारो वर्षे साचून तिथे 'पीट' तयार झाले. आयर्लंडमध्ये ते चुलीपासून वीजकेंद्रापर्यंत सर्वत्र जाळले जाई. 'बोर्ड ना मोना' या सरकारी कंपनीची यंत्रे उत्खननासाठी आली, तेव्हा गावकऱ्यांनी वाट अडवली. संघर्ष बराच काळ चालला. अखेर कंपनीनेच पाणी उपसणारे चर बुजवण्यास हातभार लावला आणि ती जमीन पन्नास वर्षांच्या कराराने गावाकडे सोपवली. चर बुजले की पाणी मुरते आणि शेवाळ पुन्हा धरते. मात्र नवा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढतो.

आता लोक दलदलीवरील फळ्यांच्या पायवाटेवरून फिरायला येतात. किलकेनीकडे जाणारी वाहने अजूनही गावातूनच जातात, त्यामुळे बाजारपेठ अगदीच ओस पडलेली नाही. स्वच्छ व सुंदर गावांच्या 'टायडी टाउन्स' या राष्ट्रीय स्पर्धेत २०२३ चा सर्वोच्च मान ॲबीलीक्सलाच मिळाला.