औषध तेच, विष वेगळे

ऑगस्ट-सप्टेंबरात पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली असते आणि मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातील शिवारांत फवारणीचे पंप पाठीवर चढलेले असतात. अशा दिवसांत शेतातून उचलून आणलेला रुग्ण घामाने निथळत असेल, त्याला उलट्या होत असतील, लाळ सुटली असेल आणि पुढे तोंडाला फेस येऊ लागला असेल, तर दोन शक्यता संभवतात. एक तर कीटकनाशक त्याच्या अंगात भिनले असावे किंवा धुऱ्यावरचा दगड हलवताना त्याला विंचवाने डंख मारला असावा. ही दोन्ही चित्रे वरवर पाहता सारखी दिसतात. त्यांवरील उपचार मात्र परस्परांच्या विरोधी जातात. पहिल्या रुग्णाचा प्राण वाचविणारे अ‍ॅट्रोपिन दुसऱ्याला घातक ठरू शकते.

आपत्कालीन वैद्यकात औषधशास्त्राचे महत्त्व कशात आहे, ते या एका उदाहरणावरून ध्यानी येते. महाराष्ट्रात 2014 मध्ये '108' क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात 937 गाड्या होत्या आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा, हे तिचे वैशिष्ट्य होते. गाडीतल्या पेटीत औषधे मोजकीच मावतात. त्यांची नावे पाठ असणे पुरेसे नसते. औषध शरीरात कोणते दार उघडते आणि कोणते बंद करते, हे ठाऊक असावे लागते. अचलपूरहून अमरावती सुमारे 50 किलोमीटरवर आहे आणि मेळघाटातील गावे त्याहून कितीतरी दूर. एवढ्या वाटेत निर्णयाची वेळ एकदा तरी येतेच.

कीटकनाशक काय करते?

शरीरातील मज्जातंतू आपला निरोप पुढच्या अवयवापर्यंत रासायनिक द्रव्यांच्या मार्फत पोहोचवितात. त्यांपैकी एक द्रव्य म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. निरोप पोहोचला, की एक विकर या द्रव्याचे तत्काळ विघटन करतो. ऑरगॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस, नेमक्या या विकराला निकामी करतात. परिणामी निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, अश्रू वाहू लागतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते, स्नायू फडफडतात. सर्वांत घातक गोष्ट फुप्फुसांत घडते. श्वासनलिका स्रावाने भरतात आणि रुग्ण जणू कोरड्या जमिनीवर बुडू लागतो.

अ‍ॅट्रोपिन हे विष नष्ट करीत नाही. अ‍ॅसिटिलकोलिन ज्या ग्राहकांवर जाऊन बसते, त्या जागा ते आधीच अडवून धरते. त्यामुळे स्राव आटतात व नाडी वाढते. मात्र जागांसाठीची ही चढाओढ असल्याने नेहमीची मात्रा येथे अपुरी पडते. भारतात अ‍ॅट्रोपिनची कुपी सहसा 0.6 मिलिग्रॅमची असते. प्रौढ रुग्णाला तीन कुप्यांनी आरंभ केला आणि गुण येत नसल्यास दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट केली, तर तीन, सहा, बारा, चोवीस अशा पंधरा मिनिटांतच 45 कुप्या लागतात. छाती स्वच्छ ऐकू येणे, काख कोरडी होणे, नाडी 80च्या वर जाणे व रक्तदाब सावरणे, या खुणा दिसेपर्यंत हात आखडता घ्यायचा नसतो. स्नायूंच्या दुबळेपणावर मात्र अ‍ॅट्रोपिनचा इलाज चालत नाही, कारण तेथील ग्राहक वेगळ्या जातीचे असतात. म्हणूनच छाती कोरडी झाली, तरी रुग्णाच्या श्वासावरची नजर हलवता येत नाही.

प्रत्येक कीटकनाशकावर हा उतारा लागू पडतो, असेही नाही. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या हंगामात वापरल्या गेलेल्या द्रव्यांत ऑरगॅनोफॉस्फरस गटातील औषधे होती, तशीच डायफेन्थियुरॉनसारखी निराळ्या गटातील द्रव्येही होती. कोणते विष, हे कळल्याखेरीज उपचाराची दिशा ठरत नाही.

महाडचा धडा

आता दुसरा रुग्ण. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते. आरंभी घाम, लाळ व उलट्या होतात आणि येथेच कीटकनाशकाचा भास होतो. त्यानंतर मात्र अ‍ॅड्रिनॅलिन व तत्सम द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. शेवटी फुप्फुसांत पाणी साठते व तोंडाला फेस येतो. पहिल्या रुग्णाचा फेस श्वासनलिकांतील स्रावाचा होता, या रुग्णाचा फेस हरलेल्या हृदयाचा असतो. येथे अ‍ॅट्रोपिन दिल्यास नाडीवरचा उरलासुरला लगामही सुटतो आणि हृदयावरचा भार आणखी वाढतो.

हे कोडे सोडविण्याचे श्रेय रायगड जिल्ह्यातील महाड येथे काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याकडे जाते. जालना जिल्ह्यातून आलेल्या या डॉक्टरांनी ग्रामीण रुग्णालयात रात्र-रात्र बसून विंचूदंशाच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहक बंद करणारे प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी वापरून पाहिले आणि त्याचे निष्कर्ष 1986 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रॅझोसिनमुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात व हृदयाला उसंत मिळते. पुढे 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील त्यांच्या चाचणीने दाखविले, की प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो. 2022 मध्ये त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली.

प्रॅझोसिन ही तोंडाने द्यावयाची स्वस्त गोळी आहे, तरी तिचे पथ्य कडक आहे. ती साधी हवी, सावकाश विरघळणारी नको. पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. त्याला उठवून बसविले किंवा लहान मुलाला कडेवर उचलून घेतले, तर रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. उलट्या व घामाने शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर ते आधी भरून काढावे लागते.

तेच दार, उलटी किल्ली

प्रॅझोसिन जे ग्राहक बंद करते, तेच ग्राहक आग्या मोहोळाच्या माश्यांनी फोडून काढलेल्या रुग्णात उघडावे लागतात. तीव्र अ‍ॅलर्जीत रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो आणि घशाला सूज येते. अशा वेळी प्रौढ रुग्णाच्या मांडीच्या बाहेरील स्नायूत अ‍ॅड्रिनॅलिनचे 0.5 मिलिग्रॅम हे पहिले औषध असते. तेच द्रव्य विंचूदंशाच्या रुग्णाच्या रक्तात आधीच उतू जात असते, म्हणून त्याला ते टोचणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. औषधाइतकाच त्याचा मार्गही महत्त्वाचा असतो. स्नायूत जीवदान देणारे अ‍ॅड्रिनॅलिन त्याच मात्रेत थेट शिरेत गेल्यास हृदयाची लय बिघडू शकते.

घरच्यांच्या हाती काय?

ही औषधे घरी देण्याची नव्हेत. तथापि योग्य औषधाची निवड पुष्कळदा घरच्यांनी दिलेल्या माहितीवर अवलंबून असते. फवारणीनंतर त्रास सुरू झाला असेल, तर कीटकनाशकाचा डबा किंवा निदान त्यावरील चिठ्ठी रुग्णासोबत द्यावी. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधून रुग्णाचे कपडे उतरवावेत आणि अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याची जुनी पद्धत टाळावी, कारण उलटी श्वासनलिकेत गेल्यास दुसरे संकट ओढवते. बेशुद्ध रुग्णाला कुशीवर निजवावे. विंचूदंशात डंखाची वेळ घड्याळात पाहून ठेवावी, हातपाय गार पडले आहेत काय ते सांगावे आणि आधी कुठे इंजेक्शन घेतले असल्यास त्याचे नाव लपवू नये.

डॉक्टरला रुग्णाच्या बाहुल्यांत, नाडीत व तळहातांच्या स्पर्शात बरेचसे उत्तर मिळते. टाचणीएवढ्या बाहुल्या आणि मंद नाडी एकीकडे बोट दाखवितात, तर गार तळहात आणि धावणारी नाडी दुसरीकडे. उरलेले उत्तर त्या रिकाम्या डब्यावर किंवा घरच्यांच्या तोंडी असते. ते गाडीत बसण्यापूर्वी मिळाले, तर पेटीतली योग्य कुपी वेळेवर उघडते.