संगणकाची तारीख मागे पडते तेव्हा

दुकान वाढवताना भिंतीवरचे मेन बटण बंद करण्याची आपल्या चांदूर रेल्वेतही रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. मात्र सकाळी संगणकावर काही वर्षांपूर्वीची तारीख दिसली, तर व्यापारी बांधवांनी दुर्लक्ष करू नये. त्याच तारखेचे बिल फाडले गेले, तर जीएसटीचा हिशेब जुळत नाही. बँकेची साइटही उघडत नाही, सुरक्षिततेचा इशारा येतो. आणि आपण इंटरनेटवाल्याला बोल लावतो!

मदरबोर्डवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, बहुधा सीआर २०३२. वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालते. काही वर्षांनी तो उतरतो. किंमत किरकोळ; घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढून झाकण उघडा, बाजूची पट्टी दाबून जुना सेल काढा. अधिकची खूण ज्या बाजूला होती, त्याच बाजूला ठेवून नवा बसवा आणि तारीख-वेळ लावा. लॅपटॉप मात्र कारागिराकडेच द्यावा.

तारीख बरोबर आणि वेळ तेवढी काही तासांनी चुकत असेल, तर सेल बदलू नका. सेटिंगमध्ये टाइम झोन भारताचा, म्हणजे अधिक साडेपाच तासांचा करा.

काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळल्यास अन्ननलिका भाजते. ताबडतोब दवाखाना गाठावा.