होडीत पाय टाकण्याआधी



दिवाळी झाली, कापसाची पहिली वेचणी घरात आली की आपल्या गटांमध्ये सहलीचा विषय निघतो. पूर्वी सहल म्हणजे शिर्डी, शनिशिंगणापूर, फार तर पंढरपूर. आता बायका म्हणतात, समुद्र बघायचा. अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे, तारकर्ली ही नावं मासिक बैठकीत ऐकू येतात आणि आम्हाला त्याचा आनंद वाटतो. पन्नाशीपर्यंत जिने नाथसागरापलीकडे मोठं पाणी पाहिलं नाही, तिने समुद्र का पाहू नये?

पण आपण मराठवाड्याच्या बायका. पाणी डोक्यावर वाहिलं, पाण्यात उतरायला मात्र आपल्याला कुणी शिकवलं नाही. भाऊ कमरेला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकला, आणि आपण काठावर त्याचे कपडे सांभाळत बसलो. म्हणून आज होडीत बसताना आणि पाण्यात उतरताना काय पाहायचं, हे सांगणार आहोत.

आधी आपल्या जवळचं पाणी बघू. पैठणला जायकवाडीचं धरण १९७६ साली पूर्ण झालं आणि गोदामाईचा एवढा मोठा जलाशय आपल्या जिल्ह्यात तयार झाला. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतल्या किती तरी गावांच्या दाराशी धरणाचा फुगवटा येऊन थांबतो. काठावरून तो तळ्यासारखा निवांत दिसतो. पण एवढ्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की त्याला अडवायला झाड नाही, डोंगर नाही. उन्हाळ्यात, विशेषतः मे महिन्यात, दुपारपर्यंत आभाळ स्वच्छ असतं आणि चार-पाच वाजता वळवाचा वारा उठतो. लहान होडी त्यात टिकत नाही.

उजनी धरणात असंच झालं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला, बाकीचे सहा गेले, त्यात दोन लहान लेकरं होती. ही काही सहल नव्हती. रस्त्याने फार मोठा वळसा पडतो म्हणून तिकडची माणसं होडीने जातात. तेव्हा पहिली गोष्ट ही, की उन्हाळ्यात होडीचं काम सकाळी उरकायचं. दुपारनंतर पश्चिमेला आभाळ काळं दिसलं, धूळ उडताना दिसली की काठावर थांबायचं. पाहुण्यांकडे मुक्काम पडला तरी चालेल.

दुसरी गोष्ट माणसांच्या संख्येची. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज इथे वर्धा नदीत एक नाव उलटली आणि ११ जण बुडाले. दशक्रियेच्या निमित्ताने जमलेलं ते एकाच नात्यागोत्यातलं माणूस होतं. १८ जानेवारी २०२४ ला गुजरातेत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि मोजक्याच मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट होतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जणांचा जीव गेला. त्या बोटीत चूक प्रवाशांची नव्हती. पण परवाना होता ८४ प्रवाशांचा आणि आत शंभरावर माणसं होती. अशा वेळी जॅकेट आधीपासून अंगावर असेल तरच उपयोगाला येतं. होडी उलटल्यावर ते शोधायला आणि घालायला वेळ मिळत नाही.

आता खरी अडचण काय आहे, ते बोलू. लाइफ जॅकेट घालावं, होडीत गर्दी करू नये, हे आपल्याला कळत नाही असं नाही. कळतं, पण तोंडातून शब्द निघत नाही. पैसे भरलेले असतात. पुढच्या दहा जणी चढलेल्या असतात. होडीवाला म्हणतो, ‘काय होत नाही हो ताई, रोजचं आहे आमचं.’ आणि एखादी म्हणाली की मला भीती वाटते, तर बाकीच्या हसतात. एकटीला नाही म्हणणं जड जातं. गटाला तेवढं जड जात नाही. बँकेत एकटी गेल्यावर दिवसभर बसवून ठेवतात आणि दहा जणी गेल्या की खुर्च्या येतात, तसंच हे आहे.

म्हणून आमच्या गटांनी सहलीआधीच्या बैठकीत ठराव घेतला आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. जेवढी चांगली जॅकेटं, तेवढ्याच जणी होडीत. जिला बसायचं नाही तिने बसू नये, तिला कुणी चिडवायचं नाही, आणि तिचे होडीचे पैसे परत. एका किनाऱ्यावर आम्ही २४ जणी उतरलो तर फळीखाली जॅकेटांचा ढीग होता, पण अर्ध्यांचे पट्टे तुटलेले, काहींचा फोम भुगा झालेला. निवडून आठ निघाली. आम्ही सांगितलं, आठ-आठ जणी जाऊ. होडीवाल्या दादांची कुरकुर झाली, डिझेल जास्त लागतं म्हणाले. थोडे पैसे वाढवून दिले. दोघी नाहीच बसल्या. त्या पिशव्या सांभाळत काठावर थांबल्या आणि आम्ही येईपर्यंत त्यांनी गरम भजी संपवून टाकली, एवढीच तक्रार.

जॅकेट साडीवर कसं घालायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. आधी पदर पुढून घेऊन कमरेला घट्ट खोचायचा, निऱ्या घोट्याच्या वर येतील एवढ्या उचलून खोचायच्या, आणि मग वरून जॅकेट. पदर जॅकेटच्या वर मोकळा राहिला तर तो पाण्यात हातापायात गुंडाळतो, होडीच्या इंजिनातही अडकू शकतो. सगळे पट्टे लावायचे, अर्धे नाही. मग मैत्रिणीला सांगायचं, खांद्याला धरून जॅकेट वर ओढ. ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे, पट्टे आवळा. लहान लेकराला मोठ्याचं जॅकेट घालू नका, पाण्यात पडल्यावर लेकरू त्यातून खाली निसटतं. आमचं मत विचाराल तर होडीच्या दिवशी पंजाबी ड्रेस बरा. सासूबाईंना काय वाटेल, हा प्रश्न घरून निघतानाच सोडवून निघा.

होडीत बसल्यावर उभं राहायचं नाही. जिथे होड्या उलटतात तिथे पुष्कळदा एकच गोष्ट झालेली असते. काही तरी दिसलं किंवा फोटो काढायचा म्हणून सगळे एका अंगाला सरकले. बैलगाडीत एका बाजूला ओझं झालं की ती कलते, होडीचं तसंच आहे, फक्त खाली रस्ता नाही. उतरतानाही होडी टेकल्याशिवाय उठू नका. हातात पिशवी नको, दोन्ही हात मोकळे हवेत. आणि समजा होडी उलटलीच, तर तिलाच धरून राहा. लाकडी किंवा फायबरची लहान होडी उलटली तरी बहुतेक वेळा तरंगत राहते. काठ जवळ दिसतो म्हणून तिला सोडून निघू नका.

समुद्राचं गणित वेगळं. तिथे पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात, आणि उपासतापास करणाऱ्या आपल्याला तिथी तोंडपाठ असते, म्हणून हे सांगतो. शुद्ध पक्ष असो की वद्य, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास, आणि त्या दिवसांत उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढीने उतरतं. अष्टमीच्या सुमाराला ते मवाळ असतं, त्याला भांग म्हणतात. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर कोळी बांधवांना विचारायचंच. पण बसची तारीख ठरवताना हा हिशोब घरबसल्या करता येतो. पौर्णिमेला दुपारचं जेवण करून तीन वाजता पाण्यात जायचं ठरवलं, तर ती नेमकी पाणी आत ओढण्याची वेळ.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तरणीताठी मुलं होती ती. समुद्रापुढे वय आणि ताकद चालत नाही. आपल्यासारख्या पोहता न येणाऱ्यांनी गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात थांबावं, पाठ समुद्राकडे करू नये, आणि साखळीने हात धरून आत जाण्याचा खेळ तर मुळीच खेळू नये. एकीचा पाय सुटला की सगळी साखळी जाते. आणखी एक फसवी गोष्ट. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा शांत, गडद दिसतो. लेकरांना घेऊन तिथेच उतरावंसं वाटतं. पण फुटलेल्या लाटांचं पाणी परत समुद्रात जातं ते पुष्कळदा त्याच पट्ट्यातून. त्या ओढीत कुणी सापडलं तर काठाकडे झगडत येऊ नये, दम संपतो. उताणं पडून तरंगावं, हात वर करून हाक द्यावी. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं सरकावं. ओढीचा पट्टा रुंदीला फार नसतो.

उताणं तरंगणं हे पोहण्यापेक्षा सोपं आहे आणि आधी तेच शिकायला हवं. मान मागे, कान पाण्यात, पोट वर, हात पसरलेले, श्वास भरलेला. घाबरून आपण उभ्या होतो आणि हात वर करून धडपडतो, म्हणून बुडतो. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ओरडतही नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीवर असतं, श्वासच मिळत नाही तर आवाज कुठून येणार? लेकरू पाण्यात गप्प झालं की आधी त्याच्याकडे बघा.

आणि आता सगळ्यात अवघड. आपलं माणूस बुडताना दिसलं तर पाण्यात उडी घ्यायची नाही. ऐकायला कठोर वाटतं, माहीत आहे. ७ मे २०२२ ला डोंबिवलीजवळ संदप गावात खदानीच्या पाण्यावर कपडे धुवायला गेलेल्या एकाच घरातल्या पाच जणांचा जीव गेला. एक लेकरू पाण्यात गेलं आणि त्याला धरायला बाकीचे एकामागून एक गेले. समुद्रापेक्षा आपल्याला धोका आहे तो याच पाण्याचा, शेततळं, खदान, वाळू उपसलेल्या नदीतले खड्डे. गोदावरीत दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला पुरुषभर खड्डा, असं असतं.

मग करायचं काय? काठावर पालथं पडून बांबू, काठी, साडीचं टोक पुढे करायचं. कमरेला साडी बांधून मागून दोघी-तिघींनी धरायचं. लांब असेल तर तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून, दोरी बांधून फेकायचा. आत ओंजळभर पाणी ठेवलं की तो वाऱ्याने उडत नाही, लांब जातो. एवढा कॅन छातीशी धरला तर मोठ्या माणसाचं तोंड पाण्यावर राहतं. धुण्याच्या घाटावर आणि शेततळ्याच्या कुंपणाला असा एक कॅन दोरीसकट टांगून ठेवायला खर्च किती येतो, ते तुम्हीच सांगा.

बाहेर काढल्यावर माणसाला उलटं टांगायचं नाही, गरगर फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही. त्यात हातची मिनिटं जातात. श्वास चालू नसेल तर उताणं निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्या, छाती वर उचललेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० वेळा जोरात दाब, पुन्हा दोन श्वास, रुग्णवाहिका येईपर्यंत. हे ऐकून येत नाही, करून येतं. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बैठकीला बोलवून एकदा उशीवर करून पाहा. आणि माणूस उठून बसलं, बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह कुठल्याही मदतीसाठी ११२, आणि समुद्रात तटरक्षक दलासाठी १५५४. हे तिन्ही आकडे बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे चिकटवा.

फुगवट्याकाठच्या मैत्रिणींसाठी एक राहिलं. तुमच्या गावात पोरी शाळेला होडीने किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर जात असतील, तर त्यांच्या मापाच्या लाइफ जॅकेटांची मागणी ग्रामसभेत लेखी द्या आणि पोच घ्या. अर्ज गटाच्या लेटरहेडवर, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि किती मुली, कुठून कुठे, दिवसातून किती वेळा, एवढं त्यात लिहायला विसरू नका.