सरपंचाचे मत कुठवर पोचते?

हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी पाहायला देशभरातून माणसे आपल्या जिल्ह्यात येतात. पण पंचायतींवर परिणाम करणारा कायदा दिल्लीत होतो, तेव्हा त्यांच्या वतीने तिथे कोण बोलते?

लोकसभेतला खासदार मतदारांचा प्रतिनिधी असतो, पंचायतीचा नव्हे. राज्यसभेतले महाराष्ट्राचे १९ सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात. स्थानिक संस्थांना स्वतःच्या जागा आहेत त्या फक्त विधान परिषदेत, ७८ पैकी २२. मात्र परिषदेच्या आमदाराला राज्यसभेच्या निवडणुकीत मत नसते. साखळी इथेच तुटते.

त्या २२ पैकी एक जागा आपल्या जिल्ह्याची. तिचे मतदार म्हणजे जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती आणि शहरांतले नगरसेवक. सरपंच त्यात नाही. शेजारच्या कर्नाटकात मात्र ग्रामपंचायत सदस्य हे मतदान करतात. हा फरक येतो कुठून? कोणत्या स्थानिक संस्थांना हे मत द्यायचे, ते राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार संसद ठरवते. राज्यवार यादी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे. म्हणजे सरपंचाला मुंबईत आवाज असावा की नाही, हेही दिल्लीतच ठरते.

शिवाय जागा असून भागत नाही. आपल्या आमदाराची मुदत जानेवारी २०२२ मध्ये संपली, मार्चमध्ये जिल्हा परिषदेवर प्रशासक आला. मतदारच उरले नाहीत, जागा रिकामी राहिली.

याची किंमत काय? २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ५२ वी नोंद वगळली. स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरचा कर, म्हणजे जकात, तिच्यावरच उभी होती. जीएसटी परिषदेत केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री बसतात, स्थानिक संस्थांचा कुणी नाही. महापालिकांना भरपाई मिळाली ती राज्याच्या २०१७ च्या कायद्याने. हक्काचा कर गेला, वरून येणारा हप्ता आला. ती दुरुस्ती २९ ऑगस्ट २०१६ रोजी मंजुरीसाठी आपल्या विधिमंडळात आली, तेवढ्यापुरता त्या २२ जणांचा दिल्लीच्या कायद्याशी थेट संबंध आला.

चौथ्या अनुसूचीत महाराष्ट्रापुढे ‘ग्रामपंचायती’ हा शब्द घालायला घटनादुरुस्ती लागत नाही, संसदेचा साधा कायदा पुरतो. तशी मागणी करणारा ठराव कोणतीही ग्रामसभा करू शकते. आणि ग्रामसभा कशी भरवावी, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको.