132 क्रेडिट आणि चेलाडी फाटा

2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94,29,408 भरली. त्यात भोर तालुक्याचे 1,86,116 लोक आणि वेल्ह्याचे 54,516. जिल्ह्यातल्या हजार माणसांत वेल्ह्याची सहाही भरत नाहीत. आता पाण्याचा हिशेब पाहा. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा उपयुक्त साठा 29.15 टीएमसी. त्यातले 10.65 पानशेतचे, 12.82 वरसगावचे. म्हणजे शहराच्या साठ्यापैकी 80 टक्के पाणी ज्या दोन भिंती अडवतात, त्या दोन्ही वेल्हे तालुक्यात आहेत. भोरमध्ये भाटघर 23.50 टीएमसीचे आणि नीरा-देवघर 11.73 टीएमसीचे, त्यांचे पाणी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला जाते. (मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. या लेखात जनगणनेतले नाव ठेवले आहे.)

हे पाणी नेमक्या कोणत्या विषयात शिकायचे? खडक आणि पाऊस भूगोलात येतात, भिंतीचे गणित अभियांत्रिकीत, पाणीवाटप कायद्यात, ऊस अर्थशास्त्रात. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले, ते इतिहासात. आणि धरणात ज्यांची भातखाचरे बुडाली, त्यांचे दौंडकडे झालेले पुनर्वसन समाजशास्त्रात. एका विषयाची पदवी घेतलेल्या मुलाला यातला एकच तुकडा दिसतो. म्हणून आंतरविद्याशाखीय पदवीची खरी गरज कुणाला असेल, तर ती या दोन तालुक्यांतल्या मुलांना आहे, असे मला ठामपणे वाटते. शहरातल्या मुलाला ती आवड म्हणून घेता येते. इथल्या मुलाच्या घरासमोरचा प्रश्नच सहा विषयांत विभागलेला आहे.

कागदावर सोय झालेली आहे. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन आणि मानव्यविद्या यांच्या जोडीला आंतरविद्याशाखीय अभ्यास ही चौथी विद्याशाखा उभी केली. नवे शैक्षणिक धोरण राज्यात 2023-24 पासून विद्यापीठांच्या आवारात आणि स्वायत्त महाविद्यालयांत, तर 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. सत्राला 22 क्रेडिट, वर्षाला 44, तीन वर्षांच्या पदवीला 132, चार वर्षांच्या ऑनर्सला 176. राज्याच्या आराखड्यात मायनर विषयाला 18 ते 20 क्रेडिट आहेत आणि ओपन इलेक्टिव्हला 10 ते 12. हे ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावे लागते. दोन्ही मिळून 28 ते 32 क्रेडिट होतात, 132 पैकी जवळपास पाव हिस्सा. पूर्वीच्या बीए-बीएस्सीत एवढी मोकळीक नव्हती.

पण ही मोकळीक वापरायची कुठे? भोरला अनंतराव थोपटे महाविद्यालय आहे, वेल्हे तालुक्यातल्या विंझरला अमृतेश्वर कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. लहान महाविद्यालय कोणतेही असो, तिथे ओपन इलेक्टिव्हची यादी शेवटी शिक्षकांच्या संख्येवर ठरते. जो शिकवायला आहे, त्याचा विषय यादीत येतो आणि तोच विद्यार्थ्याला ‘निवडावा’ लागतो. खरी निवड गणेशखिंडीत आहे. 1949 साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या 411 एकरांच्या आवारात पर्यावरणशास्त्र आणि स्त्री अभ्यास एकाच कुंपणाच्या आत आहेत.

तिथे रोज जायचे म्हटले, तर आधी तासांचा हिशेब पाहा. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास लागतात आणि प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला 30. सत्राच्या 22 क्रेडिटपैकी 6 प्रात्यक्षिकाची धरली, तर 420 तास होतात. 15 आठवड्यांत विभागले तर आठवड्याला 28. आता वेल्ह्याहून निघा. चेलाडी फाट्याला हायवेवर यायचे, स्वारगेटला उतरायचे, तिथून विद्यापीठाची बस धरायची. साठ-पासष्ट किलोमीटरला एका बाजूने अडीच तास धरले, तरी पाच दिवसांचे 25 तास प्रवासात जातात. शिकण्याचे 28 आणि बसण्याचे 25. शेवटची एसटी गाठायची म्हणून दुपारचे प्रॅक्टिकल अर्ध्यात सोडणाऱ्या मुलीकडे क्रेडिटचा आराखडा पाहत नाही. तिची फक्त हजेरी कमी भरते.

मग पुण्यात राहायचे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये मिळतात: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. निवासाचे महिन्याला 1,667 रुपये पडतात. शिवाजीनगर-औंध भागात कॉटबेसिसवर जागा शोधलेल्या कुणालाही विचारा, या रकमेत काय मिळते. योजना चांगली आहे, ती चालू राहायला हवी. पण ही रक्कम शहराच्या भाड्याशी जोडल्याशिवाय निवड प्रत्यक्षात येणार नाही.

दुसरी वाट उलट्या दिशेची आहे, आणि मला तीच जास्त पटते. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् पोर्टलवरून करता येतात. 22 पैकी साधारण 8 क्रेडिट गावात बसून होऊ शकतात, फक्त मोबाइलला रेंज हवी आणि महाविद्यालयाने ती क्रेडिट बिनतक्रार धरायला हवीत. भोर आणि विंझरच्या महाविद्यालयांनी शिक्षक वाटून घेतले, तर ओपन इलेक्टिव्हची यादी कुणालाही पुण्याला न पाठवता वाढेल. शिवाय आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाची क्रेडिट आहेतच. एका क्रेडिटला 30 तास या हिशेबाने दोन क्रेडिटला 60 तास होतात. तेवढ्या वेळात एखादी विद्यार्थिनी पानशेतच्या काठावरच्या एका गावाचे जुने सातबारे तलाठ्याकडून काढू शकते, बुडालेली खाचरे नकाशावर बसवू शकते, दौंडला गेलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांशी बोलू शकते आणि त्यांना किती एकरांच्या बदल्यात किती मिळाले याचा तक्ता मांडू शकते. हा तक्ता तपासायला भूगोलाचा, कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा असे तीन शिक्षक एका टेबलाशी बसवावे लागतील. गणेशखिंडीतून चेलाडी फाट्यामार्गे वेल्ह्याला येणारी वाटही आहे. सत्रातून दोनदा त्या तिघांनी ती धरावी.